पसाभर तांदूळ, मूठभर शेंगा

मलप्रभा नदी आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. जंगलातून उतरते, खानापूरला घाटाच्या पायऱ्यांना भेटते आणि पूर्वेकडे वाहत सौंदत्तीच्या काळ्या रानात पोहोचते. पुढे ती कृष्णेला मिळते. कणकुंबी ते सौंदत्ती ही रेघ नकाशावर काही फार लांब नाही. पण त्या रेघेच्या आधाराने एकदा प्रवास करून पाहावा. सकाळी ताटात भात आणि ओलं खोबरं असतं, तर संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. भाषा बदलते, पाऊस बदलतो, मातीचा रंग बदलतो आणि त्याबरोबर चुलीवरचं भांडंही बदलतं. जिल्हा एकच, पण त्यात स्वयंपाकघरं निदान तीन.

हे आठवण्याचं कारण असं की, सुट्टी लागली की मासिकांतून आणि दूरदर्शनवरून 'मुलांसाठी सोप्या पाककृती' सुरू होतात. ब्रेडचा पिझ्झा, बिस्किटांचा केक, चॉकलेटचे गोळे. त्यात वाईट काही नाही, मुलं आवडीने करतात. पण हे पदार्थ पुड्यातून निघतात आणि कोणत्याही गावात तसेच होतात. आपण कुठे राहतो, हे त्यातून मुलाला कळत नाही. उलट आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पदार्थांत लहान मुलांचा वाटा आधीपासूनच ठेवलेला आहे. पान पुसायचं, शेंगा सोलायच्या, टरफलं पाखडायची, लाडू वळायचे. ही कामं मोठ्यांनी करायची, असं कधी कोणाला वाटलंच नाही. आता मिक्सर आला, सोललेले दाणे पिशवीत मिळू लागले, मुलांच्या मागे शिकवण्या लागल्या आणि तो वाटा हळूहळू मोडीत निघाला. म्हणून मलप्रभेच्या सोबतीने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, मुलांच्या हाताला जमतील असे काही पदार्थ पाहू.

त्याआधी मापांविषयी थोडं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. एकदा पदवीच्या वर्गात 'पसाभर तांदूळ' असा शब्दप्रयोग आला आणि मी अर्थ विचारला. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, ''सर, पसायदानातला पसा का?'' त्यातला 'पसाय' म्हणजे प्रसाद, त्याचा इथे संबंध नाही. पसा म्हणजे एका हाताचा खोलगट तळवा आणि त्यात मावेल तेवढं धान्य. दोन्ही हात जुळवले की ओंजळ. बोटं मिटली की मूठ, आणि अंगठा व बोट यांच्यात राहील ती चिमूट. चार मापं, आणि चारही आपल्या हातालाच जोडलेली. 'टेबलस्पून' पाठ असलेल्या मुलांना ही मापं कोणी सांगितलेली नसतात, कारण ती सांगून कळत नाहीत. डब्यात हात घातल्यावरच कळतात. तेव्हा पहिला धडा हाच. मुलाला तांदळाच्या डब्यापाशी बसवा आणि त्याचे दोन पसे म्हणजे आईचा किती, हे त्यालाच मोजू द्या.

भाताचा मुलूख

बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हवा ओलसर होते. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगमही तिथेच आहे. पावसाळ्यात इथे छत्री मिटायची सोय नसते. भाताची खाचरं, परसात केळ आणि हळद. चोर्ला घाट उतरला की सत्तरी आणि साखळी, म्हणजे गोवा. घाटाच्या वर काय आणि खाली काय, श्रावणात हळदीची पानं हाताएवढी झाली की घराघरांत पातोळ्या होतात. गोव्याच्या कोकणीत त्यांना पातोळ्यो म्हणतात. हिंदू घरांत त्या नागपंचमीला आणि श्रावणातल्या सणांना, तर ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होतात. सण निराळे, पण पान तेच, खोबरं तेच आणि गूळही तोच.

नागपंचमीची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी अनेक घरांत काही चिरायचं नाही, तळायचं नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा नेम असतो. म्हणून तो दिवस उकडीच्या पदार्थांचा. नागोबाला इजा होऊ नये ही त्यामागची भावना. पण त्या नेमामुळे घरातली सुरी, विळी आणि उकळतं तेल हे तिन्ही धोके एका दिवसापुरते बाजूला होतात, हेही खरं. लहान मुलांना स्वयंपाकघरात घेण्यासाठी वर्षातला याहून चांगला दिवस सापडायचा नाही.

पातोळ्यांसाठी २ वाट्या तांदळाचं पीठ घ्यावं. त्यात चिमूटभर मीठ घालून पाण्याने सरसरीत कालवावं. पानावर पसरेल पण ओघळणार नाही इतपत. सारणाला दीड वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि थोडी वेलचीपूड. (ज्यांच्याकडे नागपंचमीचा नेम कडक आहे त्यांनी खोबरं खवून आणि गूळ फोडून आदल्या दिवशीच ठेवावा.) सारण हाताने एकत्र कुस्करलं तरी चालतं, शिजवावं लागत नाही. हळदीची ८-१० पानं धुऊन पुसून घ्यावीत. पानाच्या गुळगुळीत बाजूवर पीठ बोटांनी पातळ पसरावं, मधल्या शिरेच्या एका बाजूला सारण ठेवावं, पान मिटावं आणि मोदकपात्रात १२ ते १५ मिनिटं वाफवावं.

यात मुलांची कामं कोणती? पानं धुणं आणि पुसणं चार-पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. पीठ पसरण्यासाठी तर मुलांची बोटंच बरी. मोठी माणसं घाईत पीठ जाड लावतात, मुलं मात्र पान रंगवल्यासारखं कोपऱ्यापर्यंत नेतात. सारण मोजून ठेवणं आणि पान मिटणं हे सात-आठ वर्षांचं काम. मोदकपात्राचं झाकण मात्र मोठ्यांनीच उघडावं. वाफ दिसते मऊ, पण चटका तव्यापेक्षा वाईट देते. पातोळी थोडी निवली की पान सोलून काढायचं आणि आत पानाच्या शिरांची नक्षी उमटलेली बघायची. हे काम मुलांपासून कोणी हिरावू नये.

मधलं शहर

नदीपासून जरा बाजूला, उत्तरेला आपलं बेळगाव. इथे पश्चिमेचा भात आणि पूर्वेची ज्वारी एकाच बाजारात समोरासमोर बसतात. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातला बासमती, खेड्यांतून येणारं लोणी, चिरमुऱ्यांची पोती आणि मिठाईच्या दुकानातला कुंदा. बेळगावची ओळख सांगताना पाहुण्यांना आपण कुंदा आणि मांडे सांगतो. पण हे दोन्ही पदार्थ मुलांच्या हातचे नव्हेत. कुंद्याला दूध तासन् तास आटवावं लागतं आणि त्यापाशी उभं राहावं लागतं. मांड्याची कणीक हातावर फिरवत पातळ करून उलट्या मडक्यावर टाकणं हे तर वर्षानुवर्षांच्या सवयीचं काम आहे. मांडे होत असताना मुलांनी पिठीसाखर चाळून द्यावी आणि लांबून बघावं. बघणं हेही शिकणंच असतं.

मुलांच्या हाताला बेळगावात दोन गोष्टी आहेत, लोणी आणि चिरमुरे.

लोण्यासाठी आठ-दहा दिवसांची साय साठवावी, तिला विरजण लावावं आणि दुसऱ्या दिवशी रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत घालावी. काचेची बरणी नको. बरणी अर्धीच भरावी, थोडं गार पाणी घालावं आणि ती मुलांच्या हाती द्यावी. दोघं-तिघं असतील तर आळीपाळीने हलवायची. दहा-पंधरा मिनिटांत बरणीतला आवाज बदलतो. आधी जड डचमळ ऐकू येते, मग लोण्याचा गोळा ताकात आपटू लागतो. सायीतले स्निग्ध कण हलवल्याने एकमेकांना चिकटतात आणि पाण्यापासून सुटे होतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण ते पुस्तकात वाचणं निराळं आणि बरणी हातात धरून ऐकणं निराळं. उन्हाळ्यात लोणी विरघळून पसरतं आणि गोळा बसत नाही, तेव्हा पाण्यात बर्फाचे दोन खडे टाकावेत. उरलेलं ताक अर्थातच ज्याने बरणी हलवली त्याचं.

दुसरा पदार्थ चिरमुऱ्यांचा. हुबळी-धारवाडकडचं गिरमिट आता आपल्याकडेही ओळखीचं झालं आहे, आणि ते मुलांसाठी फारच सोयीचं आहे. मोठ्यांनी ३ चमचे तेलात मोहरी, जिरे, कढीलिंब, दोन हिरव्या मिरच्या, हळद आणि दोन बारीक चिरलेले कांदे परतावेत. त्यात अर्धी वाटी चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ आणि मीठ घालून दाटसर होऊ द्यावं आणि गॅस बंद करावा. इथे मोठ्यांचं काम संपलं. मसाला कोमट झाला की मुलांनी मोठ्या पातेल्यात ८ वाट्या चिरमुरे घ्यावेत, त्यावर मसाला, ३-४ चमचे डाळ्याचं पीठ, कोथिंबीर, कच्चा कांदा आणि शेव घालून हलक्या हाताने कालवावं. चिंच भिजवून कोळ काढणं हेही मुलांनाच द्यावं. चिंचोके वेगळे करताना होणारा चिकचिकाट त्यांना मनापासून आवडतो.

डाळ्यांना कानडीत 'पुटाणी' म्हणतात, आणि एवढ्याशा लहानग्यालाही कानडीत 'पुटाणी'च म्हणतात. शेजारच्या अक्कांनी मुलाला ''पुटाणी'' म्हणून हाक मारली, तर तो डाळं मागायला आला असं समजू नये! सीमाभागातल्या मुलाला एकाच डब्यातून दोन भाषा मिळतात, त्या अशा.

शेंगा आणि ज्वारी

बेळगाव सोडून पूर्वेला सौंदत्तीच्या वाटेला लागलं की झाडी विरळ होत जाते आणि माती काळी होते. मलप्रभा इथे धरणात अडली आहे, जवळच यल्लम्माचा डोंगर. यात्रेला बेळगाव-कोल्हापूरकडची मराठी कुटुंबं आणि धारवाड-विजापूरकडची कानडी कुटुंबं सारख्याच श्रद्धेने येतात. उघड्यावर तीन दगडांची चूल मांडतात, आणि शेजारच्या चुलीवरची भाकरी आपल्या चुलीवरच्या भाकरीपेक्षा वेगळी नसते. तिकडे ती रोट्टी, इकडे ती भाकरी. शेंगा मात्र दोन्ही भाषांत शेंगाच.

भाकरी थापायला मुलांना लवकर जमत नाही, ज्वारीचं पीठ तुटतं. त्यावर जुन्या बायकांनी तोड काढलेली आहे, ती म्हणजे चानकी. शेवटच्या उंड्यातून लहानसा गोळा काढून पोराच्या हातात द्यायचा. त्याने परातीत आपली एवढीशी भाकरी थापायची आणि आईने ती भाजून द्यायची. वेडीवाकडी होते, कडा फाटतात, तरी ती ज्याची त्यानेच खायची असते. भाकरीला नावं ठेवणारी मुलं स्वतःची चानकी बिनतक्रार खातात, हे कोणत्याही आईला विचारावं. पीठ ताजं असावं आणि पाणी गरम असावं, म्हणजे भाकरी कमी तुटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने थोडाफार आणावा लागतो. मळणं मोठ्यांनी आणि थापणं मुलांनी, अशी वाटणी करावी.

शेंगाच्या चटणीत तर मुलांना पहिल्यापासून शेवटपर्यंत काम आहे. ओल्या नव्हे, वाळलेल्या शेंगा आणाव्यात आणि घरातल्या सगळ्यांनी वर्तमानपत्र पसरून सोलायला बसावं. २ वाट्या दाणे मोठ्यांनी मंद आचेवर खमंग भाजावेत. पूर्ण निवाल्यावर मुलांनी ते तळव्यांत चोळावेत आणि सुपात घेऊन अंगणात टरफलं पाखडावीत. सूप नसेल तर ताटात घेऊन फुंकर मारावी, मात्र घरात नको, नाहीतर केर काढायचं काम वाढतं. मग खलबत्त्यात ८-१० लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, मीठ आणि दाणे थोडे थोडे घालून कुटावेत. दाण्यांना तेल सुटू लागलं की चटणी जमली. तिखट शेवटी आणि मोठ्यांनीच घालावं. आपल्याकडे संकेश्वरी आणि ब्याडगी या दोन्ही मिरच्या घरात असतात. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी झणझणीतपणाला. मुलांच्या चटणीला दीड-दोन चमचे ब्याडगी पुरे.

तिखट घालण्याआधी त्याच कुटातून लाडूही होतात. २ वाट्या कूट, पाऊण ते एक वाटी मऊ गूळ आणि वेलची एकत्र कुटायचं आणि मुठीत दाबून वळायचं. तूपही लागत नाही. गोकाकला धबधबा पाहायला गेलेली मंडळी येताना करदंट आणतात. डिंक, सुका मेवा आणि गूळ असलेला तो पदार्थ खराच. पण त्याचा पाक साधणं घरी सोपं नाही. शेंगाचा लाडू हा त्याचाच गरीब भाऊ समजावा, आणि तो सहा वर्षांच्या मुलालाही वळता येतो. एक काळजी मात्र घ्यावी. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे खायला देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांना कूट किंवा लाडूच द्यावा.

काम देताना

ही कामं देताना मोठ्यांनीच तीन पथ्यं पाळायला हवीत. पहिलं, वेळ. संध्याकाळी सातला, सगळे भुकेले असताना, मुलाला मदतीला बोलावू नये. रविवारची सकाळ बरी. दुसरं, काम पूर्ण त्याचं असू द्यावं. त्याने थापलेली चानकी मागून हळूच नीट करून ठेवली, की पुढच्या वेळी तो येत नाही. तिसरं, मुलगा आणि मुलगी असा भेद नको. दाणे पाखडायला बहिणीला बसवायचं आणि भावाला फक्त ताटावर बोलवायचं, हे आता तरी थांबावं. विस्तव आणि सुरी दहा वर्षांपुढे, तीही मोठं माणूस शेजारी उभं असतानाच.

आणखी एक गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष जाणवते. सीमाभागातली मुलं शाळेत इंग्रजी आणि कानडी शिकतात, ती त्यांनी चांगलीच शिकावी. मराठी मात्र अनेकांची घरात बोलण्यापुरती उरली आहे, आणि घरातलं बोलणंही 'चल, आवर, झोप' एवढ्यावर येऊन थांबलं आहे. भाषा टिकवण्यासाठी सभा होतात, ठराव होतात, व्हावेतच. पण निथळणं, पाखडणं, कुस्करणं, कालवणं, चाळणं, वळणं ही क्रियापदं सभेत शिकवता येत नाहीत. त्यांना सूप, परात आणि बरणी लागते. 'दाणे पाखड' म्हटल्यावर मुलगा सूप उचलतो की नुसता तोंडाकडे बघतो, यावरून त्याच्या मराठीची जेवढी परीक्षा होते, तेवढी प्रश्नपत्रिकेतून होत नाही.

संक्रांतीला हा सगळा मुलूख एका वाटीत येतो. आपण तिळगूळ देतो आणि गोड बोला म्हणतो. कर्नाटकात 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात. एळ्ळु म्हणजे तीळ आणि बेल्ल म्हणजे गूळ. तेही चांगलं बोला असंच म्हणतात. या मिश्रणाला पाक लागत नाही. भाजलेले तीळ, भाजलेले दाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप आणि गुळाचे बारीक खडे प्रत्येकी एक वाटी घेऊन कालवलं की झालं. खोबरं आणि गूळ आदल्या दिवशी मोठ्यांनी चिरावेत, बाकी मोजणं, मिसळणं आणि पुड्या बांधणं मुलांचं. यंदा दोन पुड्या जास्त बांधाव्यात, आणि मुलानेच त्या शेजारी नेऊन द्याव्यात. एकीकडे मराठीत बोलेल, दुसरीकडे कानडीत.

आणि जमलं तर एकदा हा प्रवास मुलांना घेऊन खरोखरच करावा. श्रावणात कणकुंबीला जाऊन येताना हळदीची पानं आणावीत, आणि सुगीनंतर सौंदत्तीहून पिशवीभर शेंगा. पानं पुसायला आणि शेंगा सोलायला घरात हात आहेतच.